चिन्सागा फुलली: नैरोबीच्या वाफ्यातल्या नोंदी

वाफ्यातली चिन्सागा आता पूर्ण फुलोऱ्यावर आहे, म्हणून अर्धवट राहिलेलं वर्णन पुरं करायला घेतलंय. शास्त्रीय नाव गायनांड्रॉप्सिस गायनांड्रा. जुन्या पुस्तकांत क्लिओमी गायनांड्रा असं शोधा. आपल्याकडे पडीक रानात उगवणारी पांढरी तिळवण ती हीच, पण पश्चिम केनियात तिची भाजी म्हणून मुद्दाम पेरणी होते.

आधी बियांचं. ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने ते सुप्त असतं. म्हणून यंदा मागच्या हंगामातलं बी घेतलं आणि मातीच्या पातळ थराखाली झाकलं, कारण उजेडात त्याची उगवण दबते. वाफा गच्च भरला, विरळणीची भाजीही झाली.

खोड ताठ, ग्रंथींच्या बारीक केसांमुळे हाताला चिकट लागणारं. हिरव्या आणि जांभळट, दोन्ही खोडांची रोपं आली आहेत. पान हस्ताकृती, बहुतेक 5 पर्णिकांचं. फुलोऱ्यातली पानं मात्र लहान आणि 3 पर्णिकांची. चोळलं की उग्र वास येतो.

खरी मजा फुलात आहे, भिंग घेऊनच बसा. चार पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीला बारीक देठ. त्यांच्या मधून दोनेक सेंटीमीटरचा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकापासून 6 जांभळट पुंकेसर कोळ्याच्या पायांसारखे पसरतात. अंडाशय त्याच्याही वर. पिवळ्या तिळवणीत हा दांडाच नसतो, पुंकेसर फुलाच्या तळातून निघतात. पाकळ्या गळून गेल्या तरी एवढ्या खुणेवर दोघी वेगळ्या ओळखता येतात.

नावं लिहिताना भाषा सोबत लिहाच. गुसी लोक चिन्सागा म्हणतात, लुओ देक, लुह्या त्सिसागा, कालेंजिन इसागेक, स्वाहिलीत म्गागानी. दक्षिणेकडे गेलात तर शोनांत न्येव्हे, न्देबेलेंत उलुदे, पेडींत लेरोथो आणि उत्तर नामिबियात ओम्बिडी. इथल्या ममा म्बोगा, म्हणजे भाजी विकणाऱ्या बायका, हिच्याच शेजारी मनागु आणि तेरेरेच्या जुड्या मांडतात. मनागु म्हणजे कांगुणीच्या जातीतली, तेरेरे म्हणजे राजगिऱ्याच्या. तेव्हा जुडी उलगडून पान बघितल्याशिवाय नाव लिहू नये.

भाजी कडवट असते. गुसी घरांत ती बराच वेळ शिजवून दुधात मुरवतात, आणि मला तीच पद्धत सर्वांत आवडली.

अर्ध्या वाफ्यात कळ्या दिसताच शेंडे खुडले. तिथे बाजूच्या फांद्या फुटून पानं अजून मिळताहेत. उरलेला अर्धा बियांसाठी. शेंगा पिवळ्या पडल्या की उकलायच्या आत तोडणार आणि हिरव्या-जांभळ्या खोडांचं बी वेगळं ठेवणार. दोन्ही शेजारी वाढल्यामुळे थोडाफार संकर झालाच असणार, तेव्हा पुढच्या पेरणीत खोडांचे रंग कसे उतरतात ते इथेच कळवतो.