जेरुसलेम: वहिवाट कोणाची अन् जागा कोणाची

आर्णी, चिमूर, दर्यापूरच्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. जेरुसलेमची बातमी आली की पवित्र स्थळांचा वाद आणि वसाहतींचा वाद (1967 मध्ये इस्रायलनं ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँक अन् पूर्व जेरुसलेममधल्या इस्रायली वस्त्या) एकाच गाठोड्यात बांधला जातो, आणि तिथंच उत्तर चुकतं.

धुऱ्याच्या भांडणात तहसीलदार वाट मोकळी करून देतो, मालकीचा निकाल मात्र दिवाणी कोर्टातच लागतो. पवित्र स्थळांबाबत देशांची भाषा अशीच असते. जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चमध्ये, म्हणजे येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागी, कोणत्या ख्रिस्ती पंथानं कुठं, केव्हा प्रार्थना करायची, ती वहिवाट 1852 च्या उस्मानी फर्मानानं जशीच्या तशी कायम केली. 1878 च्या बर्लिन तहाच्या 62 व्या कलमात ती आली. अल-अक्साचं आवार, म्हणजे ज्यूंचं टेम्पल माउंट, इथली व्यवस्था 1967 नंतरची: कारभार जॉर्डनशी जोडलेल्या वक्फकडे, सुरक्षा इस्रायलकडे, इतर धर्मीयांना भेटीची मुभा पण प्रार्थनेची नाही. अलीकडे तिथं ज्यू प्रार्थना होऊ लागल्या आणि ठिणगी नेमकी त्यावरूनच पडते. ‘जैसे थे राखा’ म्हणणारा देश जागा कोणाची यावर काहीच बोललेला नसतो, हे पक्कं ध्यानात ठेवा.

वसाहतींचं तसं नाही. तिथं कायदा थेट आहे. चौथ्या जिनिव्हा कराराचं (1949) कलम 49 सांगतं की व्यापलेल्या प्रदेशात आपली नागरी वस्ती हलवायची नाही. हा प्रदेश व्याप्त नसून वादग्रस्त आहे, हा इस्रायलचा युक्तिवाद आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 2004 आणि 2024 या दोन्ही सल्लागार मतांत मानला नाही. माझ्या मते या मुद्द्यावर ‘दोन्ही बाजू’ लिहून मोकळं होणं म्हणजे उत्तर टाळणंच.

संयुक्त राष्ट्रांतलं मतदान वाचताना आधी व्यासपीठ बघा. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा नकाराधिकार चालतो. डिसेंबर 2016 मध्ये तिनं तो वापरला नाही, तटस्थ राहिली, म्हणून वसाहतींविरुद्धचा ठराव 2334 हा 14 विरुद्ध 0 असा पारित झाला. आमसभेत नकाराधिकार नाही, पण तिचे असे ठराव बंधनकारकही नसतात.

मग भारत. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेनं जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानल्यावर आमसभेत त्याविरुद्धच्या ठरावावर 128 विरुद्ध 9 मतं पडली, 35 तटस्थ. भारत 128 मध्ये होता. नोव्हेंबर 2023 मध्ये वसाहतींविरुद्धच्या ठरावालाही भारतानं पाठिंबा दिला. सप्टेंबर 2024 च्या आमसभेतल्या ठरावावर मात्र भारत तटस्थ. त्या ठरावात इस्रायलनं बारा महिन्यांत ताबा सोडण्याची मुदत होती. भारताचा भर संवादावर होता. नुसता ‘तटस्थ’ शब्द पाहून भूमिका उलटली असं लिहू नका, ठरावाचा मजकूर उघडा.

जे गाळलं तेही तपासा. पूर्वी भारताच्या निवेदनांत ‘पूर्व जेरुसलेम राजधानी असलेलं पॅलेस्टाईन’ असे शब्द यायचे. मे 2017 मध्ये पॅलेस्टाईनचे अध्यक्ष महमूद अब्बास दिल्लीत आले, तेव्हा पंतप्रधानांच्या निवेदनात ते नव्हते. भारताचा इस्रायलमधला दूतावास मात्र तेल अवीवमध्येच आहे, आणि पॅलेस्टाईनसाठीचं प्रतिनिधी कार्यालय रामल्लात.