अक्का, तुला महिन्याला किती मिळायलंय?

यंदा सात वर्षांनी सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला घरी होते. सिद्धेश्वरांच्या अक्षता झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बसले होते, लेक अण्णांच्या मांडीवर, आणि शेजारच्या मावशी त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मावशींनी खाली बसायच्या आधीच विचारलं, "तुला किती मिळायलंय गं महिन्याला?" पोरगी लाजली, पण वही घेऊनच आली होती, म्हणजे प्रश्न तिचाच होता.

मला या प्रश्नाचा राग येत नाही. आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, कुणाच्या घरी किती येतंय हे सगळ्यांना माहीतच असायचं, आईच्या विड्यांची मजुरी हजारी ठरलेली आणि अण्णांचा टॉवेलच्या कारखान्यातला पगार पीसवर, लपवणार काय. उलट मी जर्मनीला यायच्या आधी मला कुणी असं मांडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय, गावाकडच्या ज्या पोरापोरींना सायन्समध्ये पुढं जायचंय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी पण.

मी गटिंगनला असते, युनिव्हर्सिटीचं गाव आहे, आपल्या सोलापूरच्या मानानं खूपच लहान. इथं पीएचडी म्हणजे नोकरी. फेलोशिप नाही तर पगार, पगाराची स्लिप येते, टॅक्स कापतात, पेन्शन कापतात. सरकारी युनिव्हर्सिटीत पगाराचा तक्ता छापील असतो, त्याला टीव्ही-एल म्हणतात आणि आमच्यासारख्यांची श्रेणी ई-१३. फेब्रुवारी २०२५पासूनच्या तक्त्यात ई-१३ची पहिली पायरी महिन्याला ४,६२९.७४ युरो होती. हा आकडा बघून सगळे खूश होतात कारण युरो शंभरच्या पुढं गेलाय आणि गुणाकार सोपा आहे, साडेचार लाख! पण पीएचडी करणाऱ्याला पूर्ण पद देतातच असं नाही, बऱ्याच ठिकाणी अर्धं किंवा ६५ टक्के असतं, काम मात्र पूर्ण वेळचं. म्हणजे ६५ टक्क्यांना त्या तक्त्यानं साधारण तीन हजार. त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३, आरोग्य विम्याचे साधारण साडेआठ, म्हातारपणी देखभाल करावी लागली तर त्याचा वेगळा विमा, आणि मग इन्कम टॅक्स. माझ्या पीएचडीच्या काळात तक्ताही खालचा होता, हातात साधारण १,७०० युरो यायचे. भाडं, खाणं, घरी थोडे पाठवणं सगळं होऊन २५०-३०० उरायचे. वाईट नव्हतं, मी कधी उपाशी राहिले नाही, पण ते साडेचार लाख कुठंच नव्हते.

मावशी म्हणाल्या, एवढं कापतात? कापतात, पण ते जातं कुठं तेही बघावं लागतं. मागच्या वर्षी लेकीला न्यूमोनिया झाला, चार रात्री हॉस्पिटलमध्ये होतो आणि बाहेर पडताना बिल शून्य. लेकीचं नाव माझ्या विम्यात आहे, तिचा वेगळा हप्ता नाही, नवऱ्याला नोकरी नव्हती तेव्हा त्याचाही नव्हता. त्याच वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन सोलापुरात झालं त्याला एक लाख दहा हजार लागले, ते घरातूनच गेले. मग माझा पगार मोजताना ते कापलेले साडेआठ टक्के मी कुठल्या बाजूला धरायचे? मी ते मिळकतीतच धरते. आईच्या विडी कार्डावर पीएफ कापायचे तेव्हा ती कुरकुर करायची, तिच्या हातावरच्या मजुरीतून ते जायचं ना, पण माझ्या बीएस्सीची फी त्याच पीएफमधून भरली.

आता आजचा हिशोब. मी पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, पूर्ण पद, कापून हातात साधारण ३,१०० युरो. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, त्याचे २,३५०. लेकीचे सरकारकडून २५९, हे प्रत्येक मुलामागे मिळतात, जानेवारी २०२६पासून एवढे झालेत. खर्चात सगळ्यात मोठं भाडं, दोन खोल्या आणि किचन, हीटिंग धरून १,१८०. किराणा सहाशे, त्यात ज्वारीचं पीठ आणि तूरडाळ इंडियन दुकानातून, आणि शेंगा चटणी घरून येते त्यामुळे तिचा खर्च नाही. लाईट, इंटरनेट, फोन मिळून १४०. रेडिओ-टीव्हीची फी दर घरामागे महिन्याला १८.३६ द्यावीच लागते, घरात टीव्ही नसला तरी. देशभर लोकल गाड्या-बसला चालणारा पास माणशी ६३ युरो, २०२३ला सुरू झाला तेव्हा ४९ होता. बालवाडी आमच्या राज्यात तीन वर्षांपुढच्या मुलांना दिवसाला आठ तासांपर्यंत फुकट आहे, फक्त जेवणाचे आणि जास्तीच्या तासाचे पैसे, दुसऱ्या राज्यांत ह्याचीच मोठी फी असू शकते म्हणून एकाच्या खर्चावरून दुसऱ्यानं अंदाज बांधू नये. घरी चारशे पाठवते. विमानाच्या तिकिटासाठी अडीचशे बाजूला ठेवतो, तिघांचं तिकीट म्हणजे एकदम तीन हजारांचा घाव. कपडे, दवाई, सटरफटर धरून चांगल्या महिन्यात अठराशे ते दोन हजार उरतात.

म्हणजे चांगलं चाललंय. खरंच चांगलं चाललंय, मी नाही म्हणणार नाही. पण हे "दोघं कमावतोय" म्हणून चाललंय, आणि इथवर यायला जे झालं ते मी घरी कधी नीट सांगितलंच नव्हतं, त्या दिवशी अंगणात पहिल्यांदा सांगितलं.

नवरा पुण्यातली चांगली नोकरी सोडून आला. त्याला काम करायची परवानगी पहिल्या दिवसापासून होती, भाषा नव्हती. त्याच्या क्षेत्रातल्या छोट्या कारखान्यांत सगळं जर्मनमध्ये चालतं, ड्रॉइंगवरच्या टीपा, सेफ्टीच्या सूचना, जेवणाच्या सुट्टीतलं बोलणं सुद्धा. दीड वर्ष तो सकाळी क्लासला जायचा आणि मुलगी झाल्यावर तिला सांभाळायचा. मग एका गोदामात शिफ्टवर पॅकिंग केलं, किमान वेतनावर. आज किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, तेव्हा त्याहून कमी होतं. इंजिनिअर माणूस रात्री दोनला सायकलवरून घरी यायचा. परदेशात एकाचा पगार किती ते सगळे विचारतात, दुसऱ्याचं काय झालं ते कोण विचारत नाही. तुम्ही लग्न करून येणार असाल तर दोघांच्या मिळकतीची बेरीज मांडा, आणि दुसऱ्या रकान्यात पहिली दोन वर्षं शून्य धरून मांडा. त्याला नोकरी लागली तेव्हा टॅक्सचाही घोळ होता, नवरा-बायकोचे टॅक्स क्लास असतात, एकाला तीन घेतला की दुसऱ्याला पाच आणि पाचवाल्याचं इतकं कापतात की वाटतं ही नोकरी करायची तरी कशाला. आम्ही दोघांचा चार करून घेतला. वर्षाच्या शेवटी रिटर्न भरल्यावर हिशोब सारखाच होतो, पण दर महिन्याला त्याच्या हातात त्याचा पगार दिसतो, आणि तेव्हा त्याला ते दिसणं गरजेचं होतं.

आणि करार. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

जर्मनीत कायदा आहे, युनिव्हर्सिटीत मुदतीच्या करारावर तुम्हाला पीएचडीआधी सहा वर्षं आणि पीएचडीनंतर सहा वर्षं ठेवता येतं, मूल असेल तर मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात. त्यानंतर कायमची जागा मिळवा, नाहीतर प्रोजेक्टच्या पैशावर जमलं तर जमलं, नाहीतर बाहेर. कायमच्या जागा फारच कमी. २०२१ला इथल्याच जर्मन संशोधकांनी ह्याविरुद्ध ट्विटरवर 'मी हन्ना आहे' म्हणून मोठी मोहीम केली होती, म्हणजे हे फक्त आपल्या लोकांचं दुखणं नाही. त्या सहा वर्षांत करार एकदम सहा वर्षांचा नसतो, माझा पहिला एक वर्षाचा, मग दोन, आता परत दीड. पगार तक्त्यातला, वेळोवेळी वाढतो, सुट्ट्या तीस दिवस, सगळं उत्तम, फक्त कागदावर शेवटची तारीख असते.

हे मी सांगत होते आणि अण्णा इतका वेळ गप होते. ते म्हणाले, "म्हणजे तुझं पण बीमवरच चाललंय की."

अण्णांनी तीस वर्षं लूम चालवला. एक बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, चढवली की तिच्यावर जेवढा ताणा तेवढं काम, ती संपली की दुसरी चढवून टोकं सांधेपर्यंत मजुरी नाही, आणि मालकाकडं सूतच नसलं तर आठवडाभर घरी. लहानपणी अण्णा घरी दिसले की आईचा चेहरा पडायचा, ते मला अजून आठवतं. एवढं शिकून मी परत तिथंच आलेय असं वाटून मला क्षणभर कसंतरीच झालं. पण फरकही आहे आणि तो मोठा आहे. २०२२च्या शेवटी माझा पीएचडीचा करार संपला आणि पोस्टडॉक सुरू व्हायला चार महिने होते. इथं बेकारी विम्यातून आधीच्या हातातल्या पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७, दोन वर्षं हप्ते भरले असतील तर वर्षभर. मला साधारण ११४० यायला लागले. भाडं होतं ८२०. नवरा तेव्हा क्लासलाच होता. व्हिसाची तारीखही जवळ आलेली, कारण व्हिसा नोकरीला बांधलेला, रात्री झोप लागायची नाही. पण भाडं थकलं नाही आणि लेकीच्या लसी चुकल्या नाहीत. अण्णांच्या लूमला असं काही कधीच नव्हतं.

त्या चार महिन्यांत मी घरी पैसे पाठवू शकले नाही. अण्णांनी कारण विचारलं नाही, एके दिवशी फोनवर म्हणाले पैसे पाठवू का. मी नको म्हणाले तरी नवऱ्याच्या खात्यावर चाळीस हजार टाकले. तेव्हाच्या भावानं त्याचे पाचशेच्या आत युरो झाले, भाड्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. त्यांनी ते किती महिन्यांत साठवले असतील ते मला माहीत आहे. गुणाकार उलटा केला की कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

पोरीनं मग विचारलं, अक्का मग मी येऊ का नको? मी तिला ये पण म्हणाले नाही आणि नको पण नाही. आधी आपल्याकडचं मांडू म्हटलं. नेटची परीक्षा निघून जेआरएफ, म्हणजे सरकारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३पासून महिन्याला ३७,००० आहे, पुढच्या टप्प्याला, एसआरएफला, ४२,०००, वर घरभाडं. आपल्या सोलापुरात राहून कुणी ह्यावर पीएचडी केली तर हातात उरणारे पैसे माझ्या गटिंगनच्या पहिल्या वर्षांपेक्षा कमी नाहीत, फक्त ते वेळेवर यायला हवेत, माझ्या एका मैत्रिणीचे सात-सात महिने अडकायचे आणि ती ट्यूशन घ्यायची. पुढं असिस्टंट प्रोफेसर म्हणून कायम लागलं तर मूळ वेतनच ५७,७०० पासून, पण लागलं तर. माझ्या वर्गातले दोघं पीएचडी होऊन अजून तासिका तत्त्वावर शिकवतायत, सुट्टीत पगार नाही. त्यांच्या हुशारीत काही कमी नव्हतं, माझ्यापेक्षा चांगले मार्क होते. आणि एक जण चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला १२,००० वर लागला होता, तो आज हैदराबादला एका औषध कंपनीत आहे आणि आमच्या सगळ्यांत त्याचंच घर आधी झालं.

मावशींचा विचार प्लॉट विकून पोरीला जर्मनीला मास्टर्सला पाठवायचा होता. मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तसं तोंडावर बोलले. तिची एमएस्सी होतेच आहे, तिला थेट पीएचडीच्या पगारी जागेला अर्ज करता येतो, फी नाही आणि खात्यावर ११,९०४ युरो अडकवून ठेवायची पण गरज नाही, ती रक्कम विद्यार्थी व्हिसावाल्यांना आपली राहण्याखाण्याची सोय दाखवायला लागते. एजंट लोक हे सांगत नाहीत. सरकारी युनिव्हर्सिटीत फी नसते हेही आता सगळीकडं खरं नाही, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. प्लॉट राहू द्या म्हटलं.

मावशींना ते आवडलं का नाही कळलं नाही. पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी परत आली, एकटीच, आणि आम्ही तिचा सीव्ही लिहायला बसलो. कुठली उपकरणं स्वतः हातानं चालवलीस ते पहिल्यांदा लिही म्हटलं, कारण प्रोफेसर तेच बघतात, आणि मुलाखतीत तीन प्रश्न न लाजता विचार, पद किती टक्के, करार किती महिन्यांचा, पुढचा पैसा कुठून येणार. तिनं ते वहीत लिहून घेतलं. अण्णा लेकीला हुरडा खायला घालत होते, तिथनंच म्हणाले, "बीम केवढी आहे ते विचार म्हणाव." आम्ही तो प्रश्न पण लिहिला, जर्मनमध्ये त्याला काय म्हणायचं ते खाली लिहून दिलं. तिनं आत्तापर्यंत चार ठिकाणी अर्ज केलेत आणि नेटचा पण अभ्यास चालू ठेवलाय. माझा करार सप्टेंबर २०२७पर्यंत आहे.