कुठली फट बुजवायची, कुठली ठेवायची : आमची वाटचाल

कुडाळजवळ आमचं ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजांचं वर्कशॉप आहे. वडील सुतार. फणसाच्या आणि ऐनाच्या चौकटी करण्यात त्यांची हयात गेली. पुढे चांगलं लाकूड परवडेनासं झालं, वाळवीला लोक कंटाळले आणि ॲल्युमिनियमकडे वळले, तसे आम्हीही वळलो. माप घ्यायचं, सेक्शन कापायचे, काच बसवायची, चौकटीभोवती सिलिकॉनची एक रेघ ओढायची आणि पुढच्या साइटवर जायचं, असं बरीच वर्षं चाललं. आज मात्र आमचं निम्म्याहून जास्त काम राहत्या घरांतलं आहे. नको तिथून हवा आत-बाहेर करते त्या फटी शोधायच्या आणि बुजवायच्या. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात झाली ती वादळामुळे. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकलं. कौलं उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर आम्हाला जे फोन आले त्यांत बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता : काच फुटली नाही, खिडकी बंद होती, तरी पलंग भिजला कसा? मालवण ते देवगडपर्यंत अशा खिडक्या बघत फिरलो आणि सगळीकडे तोच प्रकार दिसला. सरकत्या खिडकीच्या दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथली ब्रशपट्टी वाळू आणि खारट हवेने झिजून गेली होती. वारा समुद्राकडून भिंतीवर आदळतो तेव्हा त्या बाजूला दाब वाढतो, आणि हवेला जिथून वाट मिळते तिथून ती पाणीही आत ढकलते. त्यातच खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी जी छोटी भोकं ठेवलेली असतात, ती कोणीतरी 'मुंग्या येतात' म्हणून सिलिकॉनने बुजवलेली. ट्रॅक भरला की पाणी घरात. ती भोकं मोकळी केली आणि ब्रशपट्ट्या बदलल्या, एवढ्यावर कितीतरी खिडक्या सुधारल्या.

तोपर्यंत आम्ही हवेच्या फटींकडे पावसाच्या नजरेनेच बघत होतो. एसीचा विषय आला होमस्टेवाल्यांमुळे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचं विमानतळ सुरू झालं, आणि गावोगाव जुन्या घराशेजारी दोन-चार खोल्या उठल्या. पाहुण्याला कौलारू घर हवं आणि त्यात एसीही हवा. कौलारू घर बांधलंय वारा खेळावा म्हणून. कौलांच्या सांध्यांतून, भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून तर मे महिन्यातही माजघरात बसवतं. त्याच छपराखाली पीओपीचं सिलिंग टाकून एसी लावला की जी गोष्ट घराचं बळ होती तीच एसीच्या मुळावर येते.

वेंगुर्ल्यातल्या एका काकींचं काम आम्हाला बरंच काही शिकवून गेलं. दीड टनी नवा एसी, खोली दहा बाय बाराची. काकी म्हणाल्या, "रूम थंड होता, पण चादर दमट लागता. पावणे तक्रार करतत. आता दोन टनी घेवचो काय?"

दारं-खिडक्या बंद केल्या, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू केला आणि एक उदबत्ती पेटवली. पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि उदबत्तीचा धूर हलतो. मोठ्या शहरांत यासाठी दारात बसवायचं खास पंख्याचं यंत्र असतं. ते घरातला दाब ५० पास्कलने कमी-जास्त करून गळतीचा आकडाच देतं. आमच्याकडे ते नाही, पण गळती कुठे आहे हे दाखवायला उदबत्ती पुरते. इनडोअर युनिटच्या मागे धूर एकदम खोलीकडे झुकला. पॅनेल उघडून पाहिलं तर तांब्याच्या पाइपसाठी पाडलेलं तीन इंची भोक, त्यात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा, तोही ओला, आणि त्यात तांबड्या मुंग्यांचं बिऱ्हाड. दाराखाली बोटभर फट. सिलिंगमधल्या प्रत्येक दिव्याच्या कडेने धूर खाली दबत होता, म्हणजे कौलांखालची तापलेली हवा थेट पलंगावर उतरत होती. स्विचबोर्डातूनही हवा येत होती, कारण आतला पाइप वर माळ्यात उघडाच होता. आणि ज्या पंख्याच्या जोरावर आम्ही हे सगळं शोधलं तो एरवीही रात्रभर चालूच असायचा. म्हणजे एसीने गार केलेली हवा बाहेर, आणि तितकीच दमट हवा या सगळ्या फटींतून आत.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो कळायलाच हवा. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. एसीच्या आरामशीर खोलीत, २५ अंशांना, ती साडेबारा ग्रॅमच्या आसपास असावी. दहा बाय बाराच्या खोलीत ३० घनमीटर हवा मावते. फटींतून तासाला एकदा जरी ती सगळी बदलली तरी एसीला दर तासाला ३५० ग्रॅमच्या वर पाणी काढावं लागतं. आठ तासांच्या झोपेत जवळपास तीन लिटर. कोरड्या प्रदेशात फट म्हणजे नुसती उष्णता, आपल्याकडे फट म्हणजे पाणी. आणि गरजेपेक्षा मोठा एसी घेतला तर हा त्रास वाढतो, कारण तो खोली झटकन थंड करून मंदावतो किंवा थांबतो, आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. चादर दमट लागते ती याच्यामुळे.

"काकी, दोन टनी घेऊ नका," म्हटलं, "आधी हे करूया." पाइपच्या भोकात बाहेरच्या बाजूला उतार असलेली नळी बसवली आणि भोवती फोम भरला. दाराला खालून पट्टी, दिव्यांच्या कडा सील, वायरिंगच्या पाइपांची तोंडं बंद. एक्झॉस्टला आपोआप मिटणारी झडप आणि ठरावीक वेळाने बंद होणारा स्विच. दिवसाभराचं काम. पुढच्या आठवड्यात काकींचा फोन आला तो दुसऱ्या खोलीचं माप घ्यायला बोलावण्यासाठी.

कोकणात हे काम करायचं तर सामानाची निवड जपून करावी लागते. स्वस्त सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्यातून सुटणारं आम्ल धातूला खातं, आणि असं सिलिकॉन चुन्या-सिमेंटवर नीट धरतही नाही. खारी हवा धातू खायला बसलेलीच असते, तिला मदत कशाला? आम्ही न्यूट्रल, म्हणजे असं आम्ल न सोडणारं सिलिकॉनच वापरतो. त्यावर रंग बसत नाही, म्हणून भिंतीच्या रंगवायच्या भेगांना ॲक्रिलिक. पीयू फोम, म्हणजे भरल्यावर फुगून घट्ट होणारा फेस, मोठ्या पोकळीला उत्तम, पण उघड्यावर ठेवला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, तेव्हा त्यावर गिलावा किंवा पट्टी हवीच. गॅस्केट, म्हणजे चौकटीच्या कडेला बसवायची रबरी पट्टी, ईपीडीएम रबराचंच, साधं रबर उन्हात लवकर चिरतं.

लाकडी दारांची गोष्ट आणखी निराळी. मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं आणि चौकटीत फट दिसते. ती फट बघून घट्ट पट्टी मारली तर जुलैत दार फुगून बसतं आणि खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. म्हणून आम्ही पोकळ, दाबलं जाणारं गॅस्केट लावतो, जे उन्हाळ्यात फुलून फट भरतं आणि पावसात दबून दाराला जागा देतं. ही अक्कल वडिलांची. रंधा मारताना किती लाकूड सोडायचं हे त्यांना हाताने कळायचं.

आता जे आम्ही करत नाही त्याबद्दल, कारण यावरून गिऱ्हाइकं नाराज होतात. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली एकही जाळी आम्ही बंद करत नाही, आणि गिझर बाहेर काढल्याशिवाय शेजारच्या खोलीचंही काम हातात घेत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. चूल पेटते त्या स्वयंपाकघरात धूर निघायची वाट तशीच राहिली पाहिजे. सिलिंडर आहे तिथे खालच्या बाजूला हवा जायला जागा हवी, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. झोपायच्या खोलीतही वर एक उघडझाप होणारी झडप आम्ही ठेवतोच. माणसं आत श्वास घेतात, त्यांना ताजी हवा लागते. ती दिव्याच्या भोकातून येण्यापेक्षा आपण ठेवलेल्या वाटेने आलेली बरी.

जांभ्याच्या भिंतींबद्दल तर आम्ही भांडतो. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि नंतर सोडतो. बाहेरून त्याला प्लास्टिकचा रंग फासला तर आत गेलेलं पाणी अडकतं आणि गिलावा पोपडे धरतो. दरजा उघडल्या असतील तर त्या चुन्याच्या मालाने भरून घ्याव्यात, एवढंच. ते काम गवंड्याचं आहे, आमचं नाही, आणि आम्ही तसं स्पष्ट सांगतो.

एका चाकरमान्याचा मुंबईहून फोन आला होता. घर गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच उघडतं, बाकी बंद. "धूळ नको, पाल नको, सगळं पॅक करून टाका." घर पाहायला गेलो तर शेजारी राहणाऱ्या त्यांच्या आत्याने ओटीवरूनच सुनावलं, "घर असां बंद करून ठेवलंस तर आतल्या आत कुजतलां." आत्याचं बरोबर होतं. चार महिन्यांच्या पावसात बंद घराला हवा फिरली नाही तर भिंतींना, गाद्यांना, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. आम्ही तिथे समोरासमोरच्या दोन खिडक्यांना वरच्या बाजूला जाळीची झडप बसवली आणि फक्त एका खोलीला गॅस्केट लावलं, ती जेव्हा एसी चालतो तेव्हाच बंद करायची. बिल त्यांनी ठरवलं होतं त्याच्या पाव हिस्साही झालं नाही. पण त्यांच्या वाडीतून पुढे आणखी कामं आली.

विजेचं बिल किती टक्के कमी होईल, हे सगळे विचारतात. आम्ही टक्के लिहून देत नाही. घर, वापर आणि एसीचं वय यावर ते अवलंबून आहे. एवढं सांगतो की महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे वाचलेलं युनिट वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होतं. आणि खोली दमट राहिली नाही की एसी १९ वर ठेवायची गरज वाटत नाही. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावूनच येतात. कोरड्या खोलीत २४-२५ ला शांत झोप लागते.

सध्या आमच्याकडे गावातलीच मुलं आहेत, दोघं आयटीआय करून आलेली. हिशेब आणि माल बायको सांभाळते, आणि गिझरबद्दल फोनवरच विचारून घ्यायचा नियम तिचाच. अलीकडे आम्ही नव्या बांधकामांवर आधीच जायला लागलो आहोत, कारण फट बुजवण्यापेक्षा ती न ठेवणं सोपं. तुमचं बांधकाम चालू असेल तर एसीच्या पाइपची नळी गिलाव्याआधी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवून घ्या, सिलिंगच्या वर जाणाऱ्या वायरिंगच्या पाइपांची तोंडं बंद करायला इलेक्ट्रिशियनला सांगा, आणि झोपायच्या खोलीला सरकत्या खिडकीऐवजी बाहेर उघडणारी, गॅस्केटवर दाबून बसणारी खिडकी घ्या. ती आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही.