तुम्ही विचारलंत म्हणून: भोपळा भाजायचा की उकडायचा?

भिशीला, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या गच्चीवरच्या जेवणात आणि एकदा तर लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या अंतरात मला हाच प्रश्न आला आहे: "तुमच्या सॅलडमधला भोपळा भाजलेला लागतो, आमचा उकडल्यासारखा का होतो हो? ओव्हन तसाच, भोपळा तोच."

आजवर मी "काही नाही हो, दोनशेवर अर्धा तास ठेवायचं" असं म्हणून सुटत आले. उत्तर खोटं नाही, पण त्याच दोनशे अंशांवर, त्याच अर्ध्या तासात मी स्वतः दोन किलो भाज्यांचा लगदा केलेला आहे. त्यामुळे आज जरा बसून सांगते.

आधी पदार्थ काय ते. लाल भोपळा, रताळं आणि बीट यांचे भाजलेले तुकडे. त्याखाली मीठ-लसूण घातलेल्या चक्क्याचा थर, नाहीतर वरून कुस्करलेलं चीज. भाजलेले अक्रोड. फेसलेली मोहरी, लिंबू आणि मध यांचं ड्रेसिंग, आणि असला तर पुदिना. आमच्या घरात याला सॅलड कुणी म्हणत नाही, "ते भोपळ्याचं कर" असं म्हणतात.

आता लगद्याची गोष्ट. ओटीजी नवा होता, लग्नाचा वाढदिवस होता, आठ माणसं जेवायला होती. मी सगळ्या भाज्या नळाखाली धुतल्या, चिरल्या, एकाच ट्रेमध्ये रचल्या (रचल्या हाच शब्द, कारण तिथे डोंगर झाला होता), त्यावर प्रोसेस्ड चीजचे तुकडे पेरले आणि दार लावलं. अर्ध्या तासाने उघडलं तर चष्म्यावर वाफ. चष्मा पुसून पाहते तो खाली बिटाचं गुलाबी पाणी, त्यात बसलेला भोपळा आणि वर चीजचा चिवट पडदा. मी ट्रे टेबलावर आणला. सासऱ्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा! आता एक डाव दे."

सगळा घोटाळा पाण्याचा होता. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाणी शंभर अंशांना उकळतं, आणि तुकड्याचं अंग ओलं आहे तोवर बटण तुम्ही २२० वर फिरवा नाहीतर २५० वर, तो तुकडा शंभराच्या फारसा वर जातच नाही. सगळी आच पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. भाजल्याचा तो तपकिरी रंग, तो वास, ज्याला आपण खमंग म्हणतो, तो जोमाने धरायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यात तिथे जी क्रिया होते तिला मेयार्डचं नाव आहे. हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, त्याने १९१२ साली तिचं वर्णन केलं. पोळीवरचे डाग, भाजलेल्या रव्याचा वास, दाण्यांचा रंग, सगळं त्याच घराण्यातलं. म्हणजे ओल्या भाज्यांचा डोंगर ओव्हनमध्ये ठेवला की आतल्या भाज्या एकमेकींच्या वाफेत आरामात शिजतात. तो मोदकपात्राचा प्रकार झाला, फक्त वीजबिल जास्त.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी कळायला हवं होतं. माझं माहेर जळगावकडचं. तिथल्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या वांग्यांवर आम्ही वाढलो. थंडीत शेतात तुराट्या पेटवायच्या आणि वांगी त्यावर सुटी सुटी मांडायची. मी लहानपणी घाई करून वांग्यांवर वांगी टाकली तेव्हा काका ओरडले होते, "ढीग नको घालू, शिजतील ती!" शिजली तर बिघडलं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. चाळीस वर्षांनी त्या गुलाबी ट्रेसमोर उत्तर मिळालं.

इथे कुणीतरी म्हणेलच की आपल्याकडे सगळं होतंच, हे सॅलड म्हणजे आपलंच भरीत. तर नाही. माझी आजी भोपळ्याचं भरीत करायची, त्यात भोपळा चक्क उकडलेला असायचा आणि तो तसाच हवा असायचा, कारण तो दह्यात कालवायचा असतो. तो वेगळा पदार्थ आणि हा वेगळा. आजीच्या त्या भरतातून मी एकच गोष्ट उचलली, ती पुढे सांगते.

तर भोपळा. साल काढून इंचभराचे तुकडे. धुवायचा तो अख्खा असताना, चिरल्यावर नाही. चिरून झाला की जुन्या धुतलेल्या पंच्यावर पसरून दहा मिनिटं ठेवते आणि वरून पुसते. मग अर्धा किलो तुकड्यांना एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल हाताने चोळायचं. ऑलिव्ह तेल चालतं, पण इतक्या आचेला मला दाण्याचंच बरं वाटतं. मीठ अगदी ट्रे आत जाताना. आधी लावून ठेवलंत तर ते पाणी ओढून बाहेर काढतं आणि पुसण्याची मेहनत वाया जाते. ट्रेमध्ये दोन तुकड्यांच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा. माझ्या ट्रेमध्ये अर्ध्या किलोच्या वर काही मावत नाही, मग दुसरा घाणा. लोक इथेच हार मानतात. पण हे गरमागरम वाढायचं नसतंच, कोमटच चांगलं लागतं, तेव्हा पहिला घाणा खुशाल ओट्यावर थांबू दे.

ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटं तापवायचा, वरच्या-खालच्या दोन्ही सळया चालू, २१० अंश. पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. सारखं दार उघडून ढवळणारी माणसं असतात, त्यांनी भोपळ्याची भाजीच करावी, ती चांगलीच होते. पंधरा मिनिटांनी एकदा उलटायचे. खालची बाजू ट्रेपासून स्वतःहून सुटली पाहिजे. चिकटून बसली असेल तर तिचं अजून झालेलं नाही, खरवडू नका. आणखी दहा-बारा मिनिटांत कडा आक्रसतात, कोपरे काळपट होतात. मी एकदा वजन करून पाहिलं होतं: आत गेला अर्धा किलो, बाहेर आला सव्वातीनशे ग्रॅम. बाकीचं पाणी. चव तेवढ्याच वजनात दाटून बसलेली. रताळ्याचंही असंच, फक्त तुकडे जरा लहान.

बिटाला वेगळं वागवावं लागतं, कारण ते सगळ्यांना आपल्या रंगात ओढतं. देठ बोटभर ठेवून, शेपूट न छाटता, सालासकट कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या. गार झालं की साल अंगठ्याने सरकतं. मग फोडी करून पुसायच्या आणि वेगळ्या ट्रेमध्ये पंधरा मिनिटं. ओव्हनमध्ये अख्खं भाजलं तर तास जातो, तेवढा धीर मला नाही. मिसळायचं अगदी वाढताना.

सासरे बीट खात नाहीत. "माती लागते," म्हणतात. आम्ही वर्षानुवर्षं हसलो, पण म्हातारा बरोबर होता. बिटात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर मातीला जो वास सुटतो, त्यातही तेच असतं. म्हणजे जो वास घ्यायला सासरे खुर्ची ओढून बाल्कनीत बसतात, तोच ताटात आला की नाक मुरडतात. आम्लात ते टिकत नाही, म्हणून बिटाला लिंबाशिवाय सोडायचं नाही. भाजल्यावर गोडवाही पुढे येतो. गोडव्यावरून आठवलं, बिटातली साखर आणि उसातली साखर एकच, हे बर्लिनमध्ये मार्गग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ सालीच दाखवलं होतं. त्यावर युरोपात पुढे कारखाने उभे राहिले. आपल्या ऊसवाल्या जिल्ह्यांत ही गोष्ट मी फार मोठ्याने सांगत नाही.

चीजचं म्हणाल तर मी बरेच प्रयोग करून चक्क्यावर आले. फेटा आणलं तेव्हा सासरे डब्यावरचं नाव वाचून म्हणाले, "फेटा डोक्याला बांधतात, ताटात कसा?" फेटा म्हणजे ग्रीकमध्ये काप, तुकडा. युरोपात हे नाव २००२पासून ग्रीसपुरतं राखलेलं आहे, आणि तिथलं फेटा मेंढीच्या दुधाचं, त्यात फार तर तीस टक्के बकरीचं. आपल्याकडे त्या नावाने मिळतं ते पुष्कळदा गाईच्या दुधाचं. खारट, भुसभुशीत, वाईट मुळीच नाही, पण महाग. पनीर भाजून घातलं तर दातात करकरतं, न भाजता घातलं तर अळणी. पनीरच हवं असेल तर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा आणि हाताने कुस्करा, सुरीने चौकोन पाडू नका. आणि प्रोसेस्ड चीजबद्दल मी वर लिहिलंच आहे.

चक्का मात्र डेअरीत तयार मिळतो. आपण त्याच्याकडे फक्त श्रीखंडाच्या नजरेने पाहतो एवढंच. त्यात साखरेऐवजी मीठ घातलं की लेबनॉन-सीरियाकडचं लबनेह झालं. घरी करायचा तर किलोभर ताजं, आंबट नसलेलं दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर. साधारण चारशे ग्रॅम चक्का येतो. त्यात अर्धा चमचा मीठ, एक पाकळी किसलेला लसूण. थाळीत पसरायचा आणि वर कोमट भोपळा. एकदम गरम ठेवलात तर चक्का पाणी सोडतो. बघा, पुन्हा पाणी.

अक्रोड. घासाघिशीला जागाच नाही इतके खवट अक्रोड मला विकले गेले आहेत, दोष कुणाला देणार, उन्हाळ्यात दुकानात उघड्या पोत्यात बसले की त्यांचं असंच होतं. त्यांच्यात तेल भरपूर आणि ते तेल हवेने लवकर बिघडतं. विकत घेताना एक तोंडात टाका. साबणासारखं, जुन्या रंगासारखं काही आलं तर परत द्या. घरी आणले की थेट फ्रिजमध्ये. भाजायचे वेगळे, १५० अंशांवर आठ मिनिटं, भाज्यांबरोबर कधीच नाही, कारण भोपळ्याचा रंग बदलायच्या आत अक्रोडाचा कोळसा होतो. आठ मिनिटांत फोन घ्यायचा नाही. मी घेतला होता. भाजून झाले की कोमट असतानाच फडक्यात चोळा, थोडं साल उतरतं, कडूपणा तेवढा कमी. मार्च-एप्रिलमध्ये कोकणातून कुणी ओले काजू आणले तर ते घाला आणि अक्रोडाला विसरा. काहीच नसेल तर लोखंडी कढईत मंद भाजलेले दाणे. खानदेशी भरतात दाणे असतातच, मला त्यात काही कमी वाटत नाही. मात्र कूट नको, अख्खे किंवा अर्धे, नाहीतर ती कोशिंबीर होते.

आता आजीकडून उचललेली गोष्ट: मोहरी फेसणं. दोन चमचे मोहरी कुटून, त्यात चमचा-दोन चमचे गार पाणी घालून घोटायची, नाकात झणका जाईपर्यंत. मोहरीचा तिखटपणा मोहरीत तयार बसलेला नसतो. ती कुटली आणि तिला पाणी लागलं की मग तो तयार होतो. लिंबू आधी पिळलंत तर ते काम अर्ध्यातच थांबतं. म्हणून आधी पाणी, पाच-सात मिनिटं थांबायचं, मग लिंबू, मग मध, मीठ, आणि शेवटी तेल थेंब थेंब. फेसलेली मोहरी तेल-लिंबाला धरून ठेवते, वेगळं होऊ देत नाही. आजीला यातलं कारण माहीत नव्हतं, पण क्रम चुकला की ती बरोबर ओळखायची. ड्रेसिंगचा अर्धा भाग बिटाला आधीच चोळून ठेवा, उरलेलं वरून.

जर्मनीत राहणाऱ्या भाचीचा फोन आला होता, तिचा ओव्हन माझ्या दुप्पट आहे आणि तरी भोपळा मऊच. दहा मिनिटं उलटतपासणी केल्यावर कळलं की बाईसाहेब फ्रीझरमधलं चिरलेलं पाकीट तसंच ट्रेमध्ये ओतत होत्या. बर्फासकट.

दुसरा हमखास प्रश्न: उपासाला चालतं का? रताळं, लाल भोपळा, चक्का, दाणे, सैंधव, आमच्याकडे एवढं चालतं. मोहरी नाही. बिटावर आमच्या जावांमध्ये एकमत नाही, त्यात मी पडत नाही.

उरलं तर पुन्हा ओव्हनमध्ये घालू नका, अक्रोड मऊ पडलेले असतात आणि चक्का फुटतो. मी ते सगळं, बीट-चक्क्यासकट, हाताने कुस्करून थालीपिठाच्या भाजणीत मळते. पाणी लागत नाही. थालीपीठ जांभळट लाल होतं. सासरे दोन खातात, लोण्याबरोबर, आणि रंग कशाचा ते अजून त्यांनी विचारलेलं नाही.