शहाबादी फरशीवरचा आलेख

स्मरणिकेसाठी लिहून दे म्हणून कमिटीचे तीन फोन आले. सरांवर लिही, शाळेवर लिही, काहीपण लिही म्हणाले. मला गोडगोड लिहिता येत नाही, गणितात तर मी जेमतेमच होतो, पण दहावीतला एक तास अजून जसाच्या तसा डोळ्यापुढं हाय, तेवढाच लिहितो.

आमची 1994 ची बॅच. म्हणजे 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला ते आमचं दहावीचं वर्ष. त्याबद्दल इथं काही लिहीत नाही, आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. शाळेच्या भिंतींना तडे गेलेले, आत बसायला बंदी, म्हणून वर्ग बाहेर भरायचे, कुणी लिंबाखाली तर कुणी झेंड्यापुढच्या शहाबादी फरशीवर. फळा भिंतीवरच रंगवलेला, तो आत राहिला.

मग गणिताच्या सरांनी फरशीलाच आलेख कागद केलं. पायरीच्या अलीकडं फरश्यांची जी आडवी सांध होती तिच्यावर खडू ओढला, हा एक्स अक्ष. झेंड्याकडं गेलं की अधिक, पायरीकडं आलं की उणे. समीकरण दिलं, एक्सचा वर्ग वजा 5 एक्स अधिक 6. सहा जणांना उठवलं, 0 ते 5 नंबर वाटले, नंबर म्हणजे ज्याचा त्याचा एक्स, ज्यानं त्यानं आपली किंमत काढायची आणि तेवढ्या फरश्या झेंड्याकडं जाऊन उभं राहायचं. मला 0 आला. माझी किंमत 6, म्हणजे पार झेंड्यापाशी, उन्हात. 1 वाला दोन फरश्यांवर, 2 आणि 3 वाले खडूच्या रेषेवरच, 4 वाला परत दोनवर आणि 5 वाला माझ्यासारखाच सहावर.

सरांनी विचारलं, शून्य कुठं हाय? मी हात वर केला, सर मीच की, मला 0 नंबर दिलाय. सगळे हसले. सर म्हणले, "लेकरा, तू शून्यावर उभारलास, पण तुझी किंमत सहा हाय. ज्याची किंमत शून्य झाली तो बग." म्हणजे रेषेवरचे ते दोघं, 2 आणि 3. पुस्तकातनं अवयव पाडून हेच उत्तर काढलं होतं की, पण ते असं उभं राहिलेलं दिसतं हे तेव्हा कळलं.

पुढं सरांनी आमच्यातल्या सगळ्यात बुटक्याला अडीचवर बोलावलं. आम्हाला वाटलं हा पण रेषेवरच येणार, दोन्हीकडं रेषेवरचेच हायेत ना. पण हिशेब केला तर उणे पाव. त्याला पाव फरशी पायरीकडं सरकवलं, आणि तेव्हा ती रांग खरी वाकलेली दिसली, खाली बुडून परत वर आलेली.

"आता सगळे पाव फरशी पुढं." बुटक्या बरोबर रेषेवर, बाकी सगळे रेषेच्या पुढं. रेषेला नुसतं टेकलं, ओलांडलं नाही, दोन्ही मुळं, म्हणजे किंमत शून्य करणारे एक्स, अडीचच. परत पाऊण फरशी पुढं, म्हणजे शेवटचं पद 7 झालं, आणि रेषेवर कुणीच नाही. सूत्रात वर्गमुळाखाली 25 वजा 28 उणे तीन येतं, त्याचं वर्गमूळ कुठनं आणायचं. बोर्डात हे दोन मार्काचं होतं, आमचा अख्खा तास गेला आणि पोर्शन मागं पडला म्हणून हेडसर चिडले, त्यांचं पण चुकलं नव्हतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी एक्सचा वर्ग वजा 2. 1 वाला रेषेच्या एक फरशी मागं, 2 वाला दोन पुढं. सर म्हणले एकावरून दोनावर चालत जा, रेषा ओलांडल्याबिगर जाऊन दाखव. नाहीच जाता येत. मग खडूनं फरशीचे दहा भाग केले, 1.4 वर अजून किंचित मागं, 1.5 वर पुढं, शून्य त्यांच्या मधी कुठंतरी. त्याच्या पुढं बारीक बघायला फरशी पुरली नाही.

मी आता रस्त्याच्या कामावर लेव्हल घेतो, म्हणजे जमिनीची उंची मोजतो. सेक्शनवर, म्हणजे छेदाच्या नकाशावर, जमिनीची रेघ रस्त्याच्या रेघेला जिथं छेदते तिथं ना खोदाई ना भराव. नवीन पोरं आली की मी आधी तो बिंदू दाखवायला लावतो, त्यांना काय माहीत मी कुठं शिकलो ते.

मागच्या महिन्यात मीटिंगला शाळेत आलो तेव्हा झेंड्यापुढं गेलो. फरशी काढून पेव्हर ब्लॉक बसवलेत, नागमोडी. दहा मिनिटं बघत उभा होतो, सरळ सांध एक पण सापडली नाही. जुन्या फरश्या स्वच्छतागृहामागं रचून ठेवल्यात, चांगल्या हायेत अजून, कमिटीनं भंगारात द्यायच्या आधी मला फोन करावा.