आजीचं नाव

मे महिन्यातली लग्नाची दाट तिथी. रिंग रोडवरच्या एका लॉनमागे, पत्र्याच्या आडोशाला, रात्री पावणेअकराला एक पोरगा गंज, म्हणजे स्वयंपाकाचं मोठं पातेलं, घासत होता. गंज एवढा मोठा की पोरगा कमरेपर्यंत आत. आम्हाला आधी दिसल्या त्या त्याच्या टाचा.

मी नागपुरात बाल हेल्पलाइनवर काम करते. १०९८ ला फोन केला होता लग्नातल्याच एका पाहुण्याने. सहाशे-सातशे माणूस जेवून गेलं असेल त्या रात्री. फोन एकाच माणसाला करावासा वाटला. बाकीच्यांनी त्याच पोराने घासलेल्या ताटात मठ्ठा ओतून घेतला.

कामगार अधिकारी आणि पोलीस रात्री मिळवणं हीच अर्धी लढाई असते. धाडी पडतात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, कारण कार्यालयं तेव्हा उघडी असतात. केटरिंगची पोरं कामावर येतात दिवस मावळल्यावर. म्हणून आमच्या यादीत चहाच्या टपऱ्या भरपूर आहेत आणि लॉन जवळजवळ नाहीत.

मी आधी हात बघते. याच्या बोटांच्या बेचक्या सोड्याने पांढऱ्या पडून चिरल्या होत्या. एका रात्रीत असे हात होत नाहीत.

केटररने मोबाईलवर आधारकार्डाचा फोटो दाखवला. जन्मतारीख १ जानेवारी, वय पंधरा. ही १ जानेवारी मी शेकडो कार्डांवर पाहिली आहे. तारीख माहीत नसली की नुसतं साल टाकतात आणि तारीख अशी उमटते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये सांगितलंय. शाळेचा दाखला लागतो. (तो दुसऱ्या दिवशी गोंदिया जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेच्या गुरुजींनी पाठवला: बारा वर्षं.) आणि पंधराचा असता तरी संध्याकाळी सात ते सकाळी आठ त्याला कामाला लावता येत नाही. चौदा पूर्ण झाले की सगळं मोकळं, असं लोकांना वाटतं. कामगार खात्यातल्याही काहींना वाटतं, याचा मला फार राग येतो.

मग केटररने दुसरा पत्ता काढला. "मॅडम, आमच्या भांडेवाल्याचा भाचा आहे तो. सुट्टीत मामाकडे आला. घरच्याले मदत करणं काही गुन्हा नाही."

हे त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या कामात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करायची सूट दिली, आणि त्या कुटुंबात मामाही धरला. आमच्याकडे तर टपरीवरचं प्रत्येक पोरगं मालकाला मामाच म्हणतं. त्यामुळे खोटा मामा ओळखायची माझी एक पद्धत आहे. दोघांना वेगळं बसवायचं आणि एकच विचारायचं: आजीचं नाव. पोराच्या आईची आई ती मामाचीही आई. खोटा मामा तिथे अडखळतोच. कित्येकांना मी असं पकडलंय, आणि या प्रश्नाचा मला अभिमान होता.

पोराने नाव सांगितलं. पन्नास पावलांवर, भट्टीपाशी बसलेल्या मामानेही तेच सांगितलं. आजीचा एक डोळा अधू आहे, हेही दोघांनी न विचारता सांगितलं.

"पाहा," केटरर म्हणाला, "तुम्हीच साबित केलं."

मी नियम सांगायला लागले. त्याच कायद्याच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे, मदत फक्त तिथेच चालते जिथे भोगवटादार, म्हणजे धंदा ज्याच्या ताब्यात आहे तो, स्वतः ते कुटुंब आहे, आणि रात्री सातनंतर तिथेही नाही. केटरिंग मामाचं होतं का? दोघांचे मिळून रात्रीचे ७०० रुपये मिळायचे त्याला. माझं म्हणणं अधिकाऱ्याने ऐकलं, मान डोलावली, आणि तक्रारीत कामावर ठेवणारा म्हणून मामाचं नाव लिहिलं. पोराला त्याने आणलं, पैसे त्याच्या हातात, म्हणून. केटरर साक्षीदार झाला. ६ महिने ते २ वर्षं कैदेचं कलम, किंवा २० ते ५० हजार दंड, आणि ते त्या माणसावर, जो शेजारच्या हौदात तेवढेच गंज घासत होता.

मी जोर धरायला हवा होता. बारा वाजले होते, पोराची वैद्यकीय तपासणी व्हायची होती, चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे उभं करायचं होतं. मी अधिकाऱ्याच्या सहीखाली सही केली.

गाडीत पोरगा अनवाणी होता. मेयो रुग्णालय येईपर्यंत काही बोलला नाही. उतरताना म्हणाला, "मी आजीचं नाव सांगतलं म्हून मामाले नेलं का?"

मी नाही म्हटलं. ते पुरतं खरं नव्हतं.

मामाला सकाळपर्यंत ठाण्यात बसवून, नोटीस देऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी तो आमच्या कार्यालयात आला. पिशवीत पोराच्या चपला, एक शर्ट, आणि दोनशेची नोट. "त्याचे त्या रातचे. केटररनं देल्ले नाई, मी देऊन राहिलो."

मी पावती केली. तो उठला नाही.

"बाई, तुमी माह्या मायचं नाव पुसलं, मी खरं सांगतलं ना?"

"हो."

"मंग नोटीस मलेच काऊन?"

मी कागद पुढे ओढला आणि त्याचा जबाब पहिल्यापासून लिहून घेतला. कामाला कोण बोलवायचं, फोन कुठल्या नंबरवरून यायचा, पैसे कोण मोजायचं, आणखी किती पोरं असायची. त्या हंगामात दोघांनी कुठे कुठे भांडी घासली तेही. अकरा लॉन निघाले. ती यादी मी समितीपुढच्या अहवालाला जोडली आहे, २०१७ च्या नियमाच्या प्रतीसह. पुढची तारीख अजून लागलेली नाही.