अमेरिकेतली अकरावी: एपी, एसएटी आणि लिहिण्याची सवय

महाराष्ट्रात अकरावी म्हणजे दहावी आणि बारावीच्या मधलं वर्ष. जेईई-नीटचा क्लास लावलेली मुलं सोडली, तर अकरावीच्या मार्कांची घरात फारशी चर्चा होत नाही. अमेरिकेत हे सगळं उलट आहे. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असतं आणि अकरावीला ‘ज्युनिअर इयर’ म्हणतात. कॉलेजचे लवकरचे अर्ज बहुतेक ठिकाणी बारावीच्या १ नोव्हेंबरपर्यंत जातात. तोवर बारावीचं एकही सत्र संपलेलं नसतं, त्यामुळे अर्जात दिसणारं शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना दहावी-अकरावीचेच ग्रेड धरते. शिफारसपत्रंसुद्धा बहुधा अकरावीच्या शिक्षकांकडूनच घेतली जातात. आई-बाबांच्या नोकरीमुळे दहावीनंतर इथे येणारं मूल थेट सर्वांत जड वर्षात उतरतं, हे निघण्याआधीच माहीत असलेलं बरं.

याच वर्षी बहुतेक मुलं एपी विषयांत शिरतात. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट: कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास, शाळेतच. परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते आणि निकाल १ ते ५ अशा गुणांत लागतो. पुष्कळ कॉलेजं ३, ४ किंवा ५ ला श्रेयांक देतात, पण कुठे किती हे प्रत्येकाचं वेगळं. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीला (एपीच्या दोन कॅल्क्युलसांपैकी वरच्या पातळीच्या विषयाला) ५ असतील तर पहिल्या सत्राचं कॅल्क्युलस सुटतं. शाळेचा ग्रेड आणि मे महिन्यातल्या परीक्षेचे गुण यांचा एकमेकांशी संबंध नसतो. बऱ्याच शाळा जीपीएत एपीतल्या ‘ए’ला ४ ऐवजी ५ धरतात. त्या जास्तीच्या गुणाच्या मोहाने पाच-सहा एपी घेतलेली मुलं हिवाळ्यात थकून जातात. विषयामागे रोज तासभर गृहपाठ धरा, इतिहासाला त्याहून जास्त, आणि झोपेचे तास वजा करून मगच आकडा ठरवा. नव्याने आलेल्या मुलाला दोन, फार तर तीन एपी पुरे. विषयांची निवड आदल्या हिवाळ्यातच होते, म्हणून जून-जुलैत आलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरची वेळ घ्यावी आणि नववी-दहावीच्या गुणपत्रिका सोबत न्याव्यात. झेपत नसलेला विषय शाळेने दिलेल्या मुदतीत सोडावा. मुदतीनंतर सोडला, तर बऱ्याच शाळांत गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ (विषय मध्येच सोडल्याची खूण) उमटतो.

गणितात आपली मुलं पुढे असतात, या समजुतीवर पालक थेट कॅल्क्युलस मागतात. राज्य मंडळाच्या दहावीत वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमितीची ओळख होते, पण फलनं, लॉगॅरिदम आणि रेडियनमधली त्रिकोणमिती होत नाही. तो पाया प्रीकॅल्क्युलसमध्ये घातला जातो. तो गाळला की ऑक्टोबरपर्यंत सगळं सोपं वाटतं आणि साखळी नियमापाशी गाडी अडते. कॅल्क्युलसच्या एपी परीक्षेत ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि प्रत्येकी ९ गुणांचे ६ लेखी प्रश्न असतात. लेखी भागात नुसतं उत्तर चालत नाही. कॅल्क्युलेटरने काढलं तरी समाकलन मांडून दाखवावंच लागतं, दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत द्यावं लागतं आणि प्रश्न मागेल तिथे एकक लिहावं लागतं. विकलक समीकरणात ‘अधिक सी’ (समाकलनाचा स्थिरांक) वेळेवर लिहिला नाही, तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही त्या भागाचे बहुतेक गुण जातात. कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला तर त्रिकोणमितीचं प्रत्येक उत्तर चुकतं.

तरीही आपल्या मुलांची खरी कसोटी गणितात लागत नाही, ती लिहिण्यात लागते. एपी यूएस हिस्ट्रीत १४९१ पासून आजपर्यंतचा इतिहास नऊ कालखंडांत शिकवतात. ‘टिपा लिहा’ आणि ‘सकारण स्पष्ट करा’ यांवर वाढलेलं मूल सनावळ्या पाठ करून बसतं. परीक्षेत मात्र उतारा, व्यंगचित्र किंवा नकाशा समोर ठेवून प्रश्न विचारतात. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी, मग तीन छोटे प्रश्न, आणि मग सगळ्यांना धडकी भरवणारा डीबीक्यू, म्हणजे कागदपत्रांवर आधारित प्रश्न. यात सात कागदपत्रं देतात आणि तासाभरात त्यांच्या आधारे स्वतःचं म्हणणं सिद्ध करायला सांगतात. पहिली पंधरा मिनिटं वाचनासाठी असतात.

गुण एकूण ७. प्रश्नाला थेट उत्तर देणाऱ्या ठाम विधानाला १, काळाची पार्श्वभूमी मांडण्याला १. पुराव्याला ३: त्यातले दोन मिळवायला किमान चार कागदपत्रं आपल्या मुद्द्याच्या समर्थनार्थ वापरावी लागतात, आणि तिसरा गुण कागदपत्रांबाहेरच्या एखाद्या नेमक्या माहितीसाठी असतो. उरलेले २ विश्लेषणाचे. किमान दोन कागदपत्रांबाबत ते कोणी, कोणासाठी, कुठल्या हेतूने लिहिलं आणि त्याचा आपल्या मुद्द्याशी काय संबंध, हे सांगितलं की त्यांतला एक मिळतो. नेहमीची चूक म्हणजे कागदपत्रांचा एकामागून एक सारांश देणं. सारांश कितीही सुबक असला, तरी मुद्दा सिद्ध होत नाही. उपाय एकच: विधान आधी लिहा, मग कोणतं कागदपत्र कुठल्या परिच्छेदात जाईल ते ठरवा. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे प्रश्न, गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष उत्तरं विनामूल्य आहेत. जानेवारीपासून पंधरा दिवसाला एक डीबीक्यू घड्याळ लावून लिहावा आणि त्याच निकषांनी स्वतः तपासावा. महागड्या क्लासपेक्षा याने जास्त फरक पडतो.

एपी इंग्रजी लँग्वेजच्या तीन निबंधांतही हीच खोड आड येते. लेखकाने कुठले अलंकार वापरले याची यादी देऊन भागत नाही, त्यांनी वाचकावर काय साधलं हे लिहावं लागतं. शिवाय या दोन्ही परीक्षा आता ब्लूबुक नावाच्या ॲपवर टाइप करून द्यायच्या असतात, म्हणून टायपिंगचा वेग हाही तयारीचाच भाग.

ऑक्टोबरात पीएसएटी होते, म्हणजे एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेची आधीची, सरावाची परीक्षा. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीचीच पीएसएटी धरतात. वाचन-लेखनाचे गुण दुप्पट करून त्यात गणिताचे मिळवतात आणि दहाने भागतात. कमाल आकडा २२८. म्हणजे इथेही भाषेचं वजन गणिताच्या दुप्पट. पात्रतेची रेषा राज्यागणिक बदलते आणि न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये ती फार वर असते.

एसएटी २०२४ पासून अमेरिकेतही संगणकावर आली: २ तास १४ मिनिटं, ९८ प्रश्न, चुकीला गुणकपात नाही. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. पहिल्या भागात घाईने केलेल्या चुका म्हणूनच महागात पडतात. पहिली परीक्षा डिसेंबरात किंवा मार्चमध्ये द्यावी, दुसरी गरज पडली तर जून किंवा ऑगस्टमध्ये. मेची तारीख टाळावी, कारण एपी परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांतच येतात. हार्वर्ड, एमआयटी, कॅलटेक यांनी एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा) पुन्हा सक्तीची केली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही. मुलाच्या कॉलेजांची यादी पाहूनच किती वेळ घालायचा ते ठरवा.

परीक्षा मेमध्ये असली, तरी एपीची नावनोंदणी शरद ऋतूतच करावी लागते. साधारण १५ नोव्हेंबरची मुदत हुकली की विषयामागे ४० डॉलर जादा पडतात. मूळ शुल्क २०२५ मध्ये ९९ डॉलर होतं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत मिळते, तीही काउन्सेलरकडेच मागायची. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना मेअखेरीस, सुट्टी लागण्याआधी विचारावं. निकाल जुलैत लागतो. वर्षाला एका कॉलेजला गुण विनामूल्य पाठवता येतात, पण कॉलेजचं नाव २० जूनपर्यंत, म्हणजे निकाल कळण्याआधीच द्यावं लागतं. अकरावीच्या मुलांनी त्याची घाई करू नये: अर्जात गुण स्वतःच भरायचे असतात आणि अधिकृत प्रत बहुतेक कॉलेजं प्रवेश पक्का झाल्यावरच मागतात.